पेन्सिलीच्या चौकटीतलं वाक्य

“हे एक वाक्य बातमीत येणार नसेल, तर बातमीच छापू नका,” होनराव बाई म्हणाल्या आणि त्यांनी अहवालाच्या एकोणिसाव्या पानावर पेन्सिलीनं चौकट काढली. एवढ्याशा चौकटीसाठी त्यांनी ड्रॉवर उघडून पट्टी शोधली. मला हसू आलं, पण मी ते दाबलं. बातमी हवी असली की मी बराच सभ्य होत असे.

डॉ. ललिता होनराव डॉक्टर होत्या, पण रोगी तपासत नसत. सरकारची योजना कागदावरून निघून रोग्याच्या खाटेपर्यंत पोचते की वाटेतच आडवी पडते, हे त्या तपासायच्या. मिरजेत एका औषधाच्या दुकानाच्या वर त्यांच्या संस्थेच्या दोन खोल्या होत्या. तिथं त्या आणि त्यांच्या हाताखालच्या सहा मुली तीन वर्षं दवाखान्यांच्या अकराशे फायली उपसत बसल्या होत्या. विषय होता ‘आरोग्यछाया’ योजना. कार्ड असलेल्या घराला यादीतल्या दवाखान्यात मोठं ऑपरेशन फुकट मिळे. अट एकच होती. आधी पुण्यातल्या विमा कंपनीच्या डॉक्टरनं कागद बघून मंजुरी द्यायची, मगच रोग्याला टेबलावर घ्यायचं.

“वाचा बघू. मोठ्यानं,” बाई म्हणाल्या.

मी वाचलं. “कार्डावरील रुग्णांमध्ये मृत्यूचे प्रमाण दुप्पट दिसते, ते रुग्णालयातील उपचारांमुळे नव्हे, तर मंजुरीची वाट पाहण्यात गेलेल्या दिवसांमुळे; ज्यांना पाच दिवसांच्या आत मंजुरी मिळाली, ते आणि स्वतः पैसे भरणारे रुग्ण यांच्यात काहीही फरक आढळला नाही.”

“काय कळलं?”

“दवाखान्याचा दोष नाही. दोष दिरंगाईचा.”

“आणि?”

“आणि मंजुरी लवकर आली तर कार्डवाल्यानं घाबरायचं कारण नाही.”

“हां.” त्यांनी फुटाण्यांची वाटी माझ्याकडे सरकवली. “सुतार, लोक आकडा लक्षात ठेवतात. कार्डावर शंभरात सात, पैसे भरून साडेतीन. आकड्याचं कारण कुणी लक्षात ठेवत नाही. म्हणून विचारते. हे वाक्य येणार ना?”

“येणार म्हणजे? शब्द देतो, बाई.”

मी शब्द दिला, फुटाणे खाल्ले आणि मोटारसायकलला किक मारली. तेव्हा मी बत्तीस वर्षांचा होतो. सहा वर्षं एका दैनिकाच्या सांगली कचेरीत बातमीदार म्हणून घासत होतो. एवढ्या काळात माझं नाव पहिल्या पानावर दोनदा आलं होतं, त्यातलं एकदा दुसऱ्याच्या फोटोखाली चुकून. माझ्यामागून आलेले दोघं पुण्याच्या कचेरीत गेले होते. मी अजून ग्रामसभा, गॅदरिंग आणि रक्तदान शिबिरं लिहीत होतो. दुप्पट मृत्यू हा आकडा माझ्या खिशात होता आणि मला सांगली रस्ता नेहमीपेक्षा रुंद वाटत होता.

कचेरीत दातारकाका होते. काका आमचे पानं लावणारे जुने उपसंपादक. पान कॉम्प्युटरवर लागायला लागून वर्षं झाली होती, तरी ते प्रत्येक पान छापून घ्यायचे आणि स्टीलची पट्टी घेऊन बसायचे. जागा कमी पडली की बातमी खालून कापायची, हा आमच्या धंद्याचा रिवाज. मधलं वाचून काय उडवायचं, काय ठेवायचं, हे ठरवायला पान सुटायच्या वेळी सवड कुणाला असते? त्यामुळे बातमीदारानं वजनदार ते वर लिहायचं, गेलं तरी चालेल ते खाली. पट्टी ठेवली, रेघ मारली, खालचं गेलं. काकांना त्यात राग नसे की लोभ नसे.

मी बातमी लिहिली. बाईंचं वाक्य शब्द न् शब्द घेतलं, एक स्वल्पविरामसुद्धा हलवला नाही. हे मी पुढं बऱ्याच जणांना सांगितलं आणि ते अगदी खरं होतं.

काकांनी बातमी वाचून चष्मा कपाळावर सरकवला. “दिगंबर, अरे हे पहिल्या पानाचं आहे.”

“वाटतं ना?”

“वाटतं काय? आहेच!”

चारच्या सुमाराला जाहिरात आली. कुणा होऊ घातलेल्या नेत्याचा वाढदिवस होता. मध्ये हात जोडलेला तो आणि खाली बावीस शुभेच्छुकांचे चेहरे. जागा पहिल्या पानावरच हवी, असा आग्रह. मालकांचा फोन आला आणि पानाचा खालचा भाग गेला. काकांनी पट्टी काढली. मी शेजारी चहा पीत उभा होतो. संध्याकाळी सहाला पानं सुटली.

सकाळी मथळा असा होता: ‘कार्डावर उपचार, दुप्पट मृत्यू!’ खाली माझं नाव. उद्गारचिन्ह काकांचं.

दहा वाजेपर्यंत फोन थांबले नाहीत. संपादकांनी शाबासकी दिली. पुण्याहून विचारणा झाली की आणखी काही आहे का. माझ्या सासऱ्यांनी कात्रण काढून ठेवल्याचं कळवलं, आणि ते मला आधी माणसात धरत नसत. मी हवेत होतो.

अकरा वाजता होनराव बाईंचा फोन आला.

“वाक्य कुठंय?”

“बाई, अहो, शेवटच्या क्षणी जाहिरात आली. खालून कापलं गेलं. माझ्या हातात काही नव्हतं.”

“तुम्ही लिहिलं होतं?”

“शब्द न् शब्द. मूळ प्रत दाखवतो तुम्हाला.”

“नको, विश्वास आहे माझा. खुलासा छापा मग.”

खुलासा छापला. तीन दिवसांनी, सातव्या पानावर, हरवलेल्या गुणपत्रिकेच्या निवेदनाच्या शेजारी.

शनिवारी दुपारी कचेरीत फोन आला. फरजाना मुजावर बोलत होती. करुणा रुग्णालयात ‘आरोग्यछाया’च्या खिडकीवर बसणारी ती मुलगी. कागद गोळा करायची, पुण्याला पाठवायची, मंजुरी आली की रोग्याच्या नातेवाइकांना हाका मारत वॉर्डभर पळायची. माझी तिची तोंडओळख होती.

“सुतारसाहेब, अकरा पेशंट गेले माझे.”

“वारले?”

“घरी गेले ओ! बातमी वाचून. कार्डावर मरायचंच असंल तर घरात मरू म्हणत्यात. मी हातापाया पडले. तुमचा पेपर माझ्या तोंडावर धरत्यात.” ती भराभर बोलत होती. “शालन चौगुले म्हणून बाई आहे. बत्तीस वर्षांची. काळजाची झडप बदलायची आहे. तिची मंजुरी चौथ्या दिवशी आली, चौथ्या! असं वर्षात दोनदा होतं माझ्याकडं. मी कागद घेऊन वॉर्डात पळत गेले, तर खाट मोकळी. तासाभरापूर्वी नवऱ्यानं नेली.”

“मग आता?”

“मंजुरी दहा दिवस चालते. चार दिवस गेले. पुन्हा पहिल्यापासनं कागद करायचे म्हटलं तर महिना जाईल, आणि डॉक्टर म्हणतात तिच्याकडं महिना नाही. मी दोनदा जाऊन आले तिच्या गावाला, ऐकत नाही तो. तुमच्या बातमीनं नेलीय, तुम्हीच आणा.”

मी होनराव बाईंना फोन केला. मला एकट्याला जायची हिंमत नव्हती, हे कबूल करायला आता काही हरकत नाही.

रविवारी सकाळी आम्ही निघालो. बाई माझ्या मागं बसल्या होत्या, मांडीवर अहवालाची पिशवी. गाव वीसेक किलोमीटरवर होतं. कृष्णाकाठची सपाट काळी जमीन, उसाचे ट्रॅक्टर, रस्त्याला खड्डे. बाई कानाशी मोठ्यानं बोलत होत्या.

“दवाखान्यांनी फायली दाखवायचं बंद केलंय. आमच्या मुलींना दारात अडवतात. म्हणतात, तुम्ही आमची बदनामी केली. ज्यांची बाजू मी मांडली तेच!”

“माफ करा बाई.”

“तुम्ही कशाला माफी मागता? मी दवाखान्यांच्या विश्वस्तांना लेखी दिलंय, बातमीदाराचा दोष नाही. त्यानं वाक्य लिहिलं होतं, ते कापलं गेलं. तिथल्या डॉक्टरांनाही हेच सांगितलं. एखाद्यावर उगाच बालंट येऊ नये.”

मोटारसायकलच्या आरशात त्या दिसत होत्या. मी रस्त्याकडे बघत राहिलो.

चौगुल्यांचं घर दूधडेअरीला लागून होतं. दारात दुधाच्या कॅनचा टेंपो उभा. आण्णाप्पा चौगुले कॅन विसळत होता. तो चार गावांचं दूध गोळा करून संघावर पोचवायचा. आम्हाला बघून त्यानं हात पुसले. फरजानानं नाव सांगून ठेवलं असावं, कारण तो आदबीनं म्हणाला, “तुमीच का पेपरवाले सायेब? या की आत. तुमचे लई उपकार हैत आमच्यावर.”

मला त्या क्षणी तिथूनच परत फिरावंसं वाटलं.

बाहेरच्या सोप्यात खाटेवर शालन बसली होती. पाठीला तीन उशा, कारण तिला आडवं झालं की दम लागायचा. पुढ्यात सुपात भुईमुगाच्या शेंगा. एक शेंग फोडायची, थांबायची, श्वास घ्यायची, मग दुसरी. पाय सुजले होते. चेहरा मात्र तरतरीत, आणि नजर आमच्यावर.

आण्णाप्पानं आरशामागून एक कागद काढला. माझी बातमी होती. त्यानं ती झेरॉक्सच्या दुकानातून लॅमिनेशन करून आणली होती, रेशनकार्ड करतात तशी. प्लॅस्टिकखाली माझं नाव चकाकत होतं.

“हे जपून ठिवलंय,” तो म्हणाला. “ह्येच्यामुळं वाचलो. दोन दीस उशीर झाला असता तर हिला टेबलावर घेतली असती.”

“आण्णाप्पा,” होनराव बाई म्हणाल्या, “ज्या अभ्यासावरून ही बातमी आली, तो अभ्यास माझा आहे. माझं ऐकाल का?”

“ऐकतो की. बसा.”

बाईंनी सगळं सांगितलं. घाई केली नाही. कार्डवाले जास्त का गेले, वाट बघता बघता त्यांची तब्येत कशी ढासळली, ज्यांची मंजुरी पाच दिवसांत आली ते कसे बाकीच्यांसारखेच बरे होऊन घरी गेले. अहवालाचं एकोणिसावं पान उघडून त्यांनी पेन्सिलीची चौकट दाखवली. आण्णाप्पा बोट ठेवून वाचत होता. दोनदा वाचलं त्यानं. मग लॅमिनेशन केलेली बातमी शेजारी धरून वरपासून खालपर्यंत शोधलं.

“ह्ये ह्यात न्हाई.”

“नाही,” बाई म्हणाल्या. “सुतारांनी लिहिलं होतं. पण जागा कमी पडली आणि ते कापलं गेलं.”

“कापलं?” तो माझ्याकडे वळला. “कुनी?”

“जाहिरात आली,” मी म्हणालो. “अशी जाहिरात आली की बातमी खालून कापतात. आमच्याकडं रीतच आहे तशी.”

“खालून?”

“हो.”

“नेहमी खालून?”

“नेहमी.”

कपाळाला आठ्या घालून आण्णाप्पा बातमीचा तळ बघत होता, जिथं वाढदिवसाच्या शुभेच्छुकांची डोकी अर्धी कापून लॅमिनेशनमध्ये आली होती.

“सायेब,” तो म्हणाला, “माझ्या टेंपोचं मागचं फळकूट ढिलं हाय. खड्ड्याला दाराजवळचा कॅन सांडतोय, ह्ये मला म्हाईत हाय. मग मी भरलेला कॅन दाराजवळ ठिवंन का? तिथं मी रिकामा ठिवतो. तुमास्नी म्हाईत हुतं खालचं जातंय. मग इतकं मोलाचं वाक्य खाली कशापायी ठिवलं?”

तो चिडून विचारत नव्हता. त्याला खरंच कळत नव्हतं.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचं तोंड मला मदत करायला उघडलं होतं आणि तसंच राहिलं. प्रश्न त्यांनाही पहिल्यांदाच पडला असावा.

मी काय काय सांगू शकलो असतो! बातमी लिहिण्याची पद्धत असते, आधी आकडे, मग कारणं, असं काहीतरी. ते सगळं जिभेवर आलंही होतं. पण शालन शेंगा फोडायची थांबली होती आणि माझ्याकडे बघत होती.

“मी ते आधी वरच लिहिलं होतं,” मी म्हणालो. “दुसऱ्या ओळीत. मग वाचून बघितलं. त्या वाक्यानं बातमीतली हवाच जात होती. दुप्पट मृत्यू म्हणायचं आणि लगेच म्हणायचं, घाबरू नका. अशी बातमी पहिल्या पानावर गेली नसती. म्हणून ते उचललं आणि सगळ्यात खाली नेऊन ठेवलं.”

“कापलं जाईल म्हनून?” आण्णाप्पानं विचारलं.

“काढून टाकायची माझी छाती नव्हती. बाईंना शब्द दिला होता.” मी बाईंकडे न बघता म्हणालो. “पण कापलं गेलं तर बरं, असं वाटलं होतं. काका रेघ मारत होते तेव्हा मी शेजारी उभा होतो. एक शब्द बोललो नाही. चहा पीत होतो.”

होनराव बाईंनी अहवाल मिटला.

आण्णाप्पाला ते पुरतं उतरायला वेळ लागला. मग एकदम उठून त्यानं माझी कॉलर धरली. “म्हंजे पैल्या पानासाठी? माझी बायकू श्वास मोजालीय हितं, आनि तुमी...” पुढचे शब्द इथं लिहिण्यासारखे नव्हते. मी हात वर केले नाहीत. मारलं असतं तर बरं वाटलं असतं.

“अवो, सोडा त्यास्नी,” शालन म्हणाली.

तिचा आवाज बारीक होता, पण आण्णाप्पानं ऐकला. हात खाली आले.

“बाई,” तिनं होनराव बाईंना विचारलं, “माजी मंजुरी चौथ्या दिशी आली. मग मी कुठल्यात?”

“पाच दिवसांच्या आतल्यांत,” बाई म्हणाल्या. मग त्यांना राहवलं नाही. “त्यांच्यातले शंभरात शहाण्णव-सत्त्याण्णव जण बरे होऊन घरी आले. तीन-चार नाही आले. तेही सांगते, लपवत नाही.”

“आनि हितंच राहिले तर?”

बाईंनी तिच्या सुजलेल्या पायांकडे पाहिलं. शालन थोडा वेळ श्वास घेत राहिली.

“टेंपो काढा,” ती नवऱ्याला म्हणाली.

“अगं, ह्या मानसाच्या बोलन्यावर?”

“त्येंच्या न्हाई, बाईंच्या. आनि त्येंचं बी पटलं मला. सोताच्या इरुद्ध कोन खोटं बोलतंय?” तिनं सूप बाजूला सारलं आणि माझ्याकडे वळली. “पर तुमी बी चलायचं. माजं ऑपरेशन हुईस्तवर भायेर बसायचं. उठायचं न्हाई.”

“बसतो,” मी म्हणालो.

टेंपोतले कॅन उतरवून गादी घातली. आण्णाप्पानं फळकुटाला दोरखंडानं तीन वेढे दिले. होनराव बाई माझ्या मोटारसायकलकडे आल्याच नाहीत. त्या शालनच्या उशाशी गादीवर बसल्या. मी टेंपोच्या मागून, धुरळा खात, वीस किलोमीटर आलो. खड्डा आला की आण्णाप्पा टेंपो जवळजवळ थांबवायचा.

दारात फरजाना मंजुरीचा कागद घेऊन उभी होती. मंगळवारी ऑपरेशन झालं, साडेचार तास. मी बाकावर बसून होतो. आण्णाप्पा बाकाच्या दुसऱ्या टोकाला. मध्ये त्यानं पाण्याची बाटली माझ्याकडे सरकवली. डॉक्टर बाहेर आले आणि मान हलवून हसले, तेव्हा तो उठून भिंतीकडे तोंड करून रडला. मीही रडलो, पण मला तो हक्क नव्हता, म्हणून जिन्यात जाऊन.

होनराव बाई संध्याकाळी येऊन शालनला लांबून बघून गेल्या. जिन्यात आम्ही समोरासमोर आलो.

“विश्वस्तांना दिलेलं पत्र मी परत मागवलंय,” त्या म्हणाल्या.

“बरोबर आहे बाई.”

“बाकीचे दहा कोण करणार?”

“मी जातो.”

गेलो. फरजानानं यादी दिली, मी आठवडाभर सुट्टी टाकली आणि घरोघर तेच सांगितलं जे आण्णाप्पाला सांगितलं होतं, ते वाक्य कुठं होतं आणि खाली कुणी नेलं, इथपासून. काहींनी शिव्या दिल्या, एकीनं दारातूनच घालवलं आणि दुसऱ्या दिवशी स्वतः दवाखान्यात हजर झाली. नऊ जण परत आले.

यादीतलं शेवटचं नाव मलगोंडा पाटील, वय एकसष्ट. त्यांच्या घरी पोचलो तेव्हा अंगणात भाड्याच्या खुर्च्या मांडलेल्या होत्या आणि माणसं हळू आवाजात बोलत होती. तिसरा दिवस होता. मी नाव सांगितल्यावर त्यांच्या थोरल्या मुलाचा गैरसमज झाला. त्यानं मला खुर्ची दिली, चहा आणवला आणि वडिलांचा पासपोर्ट आकाराचा फोटो माझ्या हातात ठेवला.

“पेपरात येईल का ओ?” त्यानं विचारलं. “दादा रोज वाचायचे तुमचा पेपर.”

त्याला मात्र मी काही सांगू शकलो नाही. चहा प्यायलो, फोटो खिशात घातला आणि आलो. निधनवार्ता छापली. त्या दिवशी जागा भरपूर होती.

दातारकाकांनाही मी एकदा हे बोलून दाखवलं. ते पट्टी पुसत म्हणाले, “मला रे काय माहीत खाली काय आहे? मी कधी वाचतो खालचं? तुम्ही लोक ठेवता, आम्ही कापतो.” मग थोड्या वेळानं आपणहून म्हणाले, “आता वाचत जाईन.” दोन-चार दिवस त्यांनी खरोखर वाचलंही असावं.

दोन वर्षांनी होनराव बाईंच्या संस्थेचा दुसरा अहवाल टपालानं आला. सोबत चिठ्ठी नव्हती. त्या माझ्याशी जिन्यातल्या भेटीनंतर बोलल्या नव्हत्या. मंजुरीचे दिवस सरासरी अठरावरून सहावर आले होते, कार्डावरच्या मृत्यूंचा आकडा खाली आला होता. चांगली बातमी होती. मी पानं उलटत गेलो, आणि एकतिसाव्या पानावर पेन्सिलीची चौकट होती, पट्टीनं काढलेली.

“अभ्यासाच्या काळात एका दैनिकातील अपुऱ्या बातमीनंतर अकरा रुग्ण उपचार न घेता घरी परतले, त्यांपैकी एक घरीच मरण पावला.”

मी बातमी लिहायला बसलो. ते वाक्य सगळ्यात वर घेतलं, पहिल्या ओळीत. ‘एका दैनिकातील’च्या जागी ‘या दैनिकातील’ केलं आणि मलगोंडा पाटलांचं नाव घातलं. त्यांच्या मुलाच्या घरी मी त्याच सकाळी जाऊन आलो होतो. या वेळी सगळं सांगितलं. त्यानं चहा दिला नाही. नाव छापायला मात्र हो म्हणाला.

संपादकांनी बातमी दोनदा वाचली. मग म्हणाले, “पहिल्या पानावर नाही हं, दिगंबर. पाचव्यावर.” मी म्हटलं, चालेल.

चार वाजता जाहिरात आली. तोच नेता, आता निवडून आलेला, शुभेच्छुक बावीसचे चाळीस झालेले. काकांनी पाचवं पान पुढ्यात ओढलं. एक रेघ मारली, बातमी निम्मी झाली. मालकांचा पुन्हा फोन आला, जाहिरात आणखी वाढली, काकांनी दुसरी रेघ मारली. मग तिसरी. खालची सरासरी गेली, टक्के गेले, या वेळी शेवटी घातलेलं माझं नाव गेलं.

काकांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि पट्टीच्या वर उरलेल्या चार ओळी वाचल्या. मग माझ्याकडे पाहिलं.

“एवढंच राहतंय रे, हे पहिलं वाक्य.”

“राहू द्या, काका,” मी म्हणालो.